कॅप्टनबाईंबरोबर नऊ होल

बाबांनी टेबलावरचं रंगीत पत्रक उचललं, हातभर लांब धरलं, मान तिरकी केली आणि बराच वेळ वाचल्यासारखं करून ते जागेवर ठेवून दिलं.

"यात आमचा प्रकार दिसत नाही," ते म्हणाले.

मॅनेजरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. शनिवारची सकाळ, गोल्फ क्लबच्या ऑफिसच्या दारात ट्रॉल्या घेऊन माणसं ताटकळत उभी, आणि हे साहेब खुर्चीत ऐसपैस बसलेले.

"प्रकार चारच आहेत. एकट्याचं सदस्यत्व, कुटुंबाचं सदस्यत्व, ज्येष्ठांचं सदस्यत्व. आणि चौथं नुसतं क्लबहाउसचं. त्यात मैदानावर जायचं नाही. व्हरांड्यात बसायचं, चहा, पेपर, पत्ते."

"ते चौथं मेल्यावर घेईन. कुटुंबाचं द्या."

"कुटुंब म्हणजे तुम्ही आणि?"

"मी आणि ही. माझी सून."

शेजारच्या खुर्चीतल्या सुनेने हातातला मोजा काढला, पुन्हा चढवला.

"होते," ती हळूच म्हणाली.

झालं. इथेच घोडं अडलं.

हे सदस्यत्व मुळात बाबांच्या मुलाने काढलेलं. मोठ्या हौसेने काढलं होतं त्याने, स्वतःसाठी, बायकोसाठी आणि वडिलांसाठी. स्वतः किती खेळला म्हणाल, तर चार-दोन रविवार उन्हात चालला आणि कंटाळला. पुढे बायकोलाही कंटाळला. घटस्फोट अगदी रीतसर झाला, आवाज न चढवता, आणि मुलगा दुसऱ्या शहरात निघून गेला. मागे उरली एकाच जिन्यावरची दोन घरं, वरच्या मजल्यावर सून, खालच्या मजल्यावर सासरे, आणि दर शनिवारी दोघांनी मिळून खेळायचा गोल्फ. आता या महिन्याअखेर मुलाचं सदस्यत्व संपत होतं. कागदोपत्री ती बाबांची कुणीच लागत नव्हती. पण आपण तिला सूनच म्हणू. दुसरं काय म्हणणार?

"मग सोपं आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "या एकट्याचं घेतील, तुम्ही ज्येष्ठांचं घ्या. सगळे आपापलं खेळतील."

"ज्येष्ठ कधी खेळतात?"

"सोमवार ते शुक्रवार, सकाळी."

"तेव्हा ही दुकानात असते."

"तुमच्या बरोबरीचे असतात की सगळे. छान कंपनी आहे."

"मला कंपनी नकोय," बाबा म्हणाले. "मलाही एकट्याचं द्या. शनिवारी येईन."

"सत्तरीनंतर ते नवीन देत नाही."

बाबांनी पत्रक पुन्हा उचललं. माघार घेणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जमिनी मोजण्यात घालवलेली. भांडणाऱ्या भावांच्या मधोमध उभं राहून खुंट्या ठोकणारा हा माणूस, वाद घालण्यात कुणाला हार जायचा नाही. पण या वादातली खरी गोष्ट त्यांना टेबलावर मांडता येत नव्हती.

खरी गोष्ट अशी की बाबांना चेंडू दिसत नव्हता. पायाशी असला की मान वाकडी करून कडेकडेने दिसायचा, पण एकदा हवेत गेला की गेला. नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग येऊन बसला होता आणि तो हटायचं नाव घेत नव्हता. हे क्लबाला कळलं तर काय होईल ते उघड होतं. ज्याला चेंडू दिसत नाही त्याचा चेंडू कुणाच्या डोक्यात बसेल याचा नेम काय? बाबांची रवानगी थेट व्हरांड्यात झाली असती. म्हणून त्यांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. सुनेलाही नाही.

आता सून काम करते चष्म्याच्या दुकानात. दिवसभर माणसांचे डोळे तपासते. तिच्यापासून हे लपवायचं म्हणजे कमाल झाली. पण बाबांना वाटत होतं की आपण लपवलंय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते एकटेच जात, इंजेक्शन घेत, आणि परतताना तिच्या दुकानात डोकावून सांगत की बँकेत गेलो होतो. बँकेतून येताना कुणाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या नसतात. एकदा तिने त्यांना खुर्चीत बसवून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. बाबांनी ती आधीच कुणाच्या तरी तोंडून ऐकून पाठ करून ठेवलेली. वरून खालपर्यंत घडाघड म्हणून दाखवली, एक चूक नाही. पाटीवर त्या दिवशी अक्षरं नव्हतीच. लहान मुलांसाठीची चित्रं होती, बदक, छत्री, मासा.

"छान," सून म्हणाली होती, आणि आत जाऊन उगाच फडक्याने कुठलीशी काच पुसत बसली होती.

तेव्हापासून मैदानावर तिने एक युक्ती काढली. ती बाबांना रागवायची. बाबांनी चेंडू मारला रे मारला की मागून सुरू, "काय हे बाबा, परत डावीकडे घातलात ना, त्या बाकाच्या पुढे जाऊन पडलाय बघा गवतात." बाबा तोऱ्यात बाकाच्या दिशेने चालू लागायचे. मागून येणाऱ्यांना वाटायचं, काय कजाग बाई आहे, म्हाताऱ्या माणसाला धड खेळू देत नाही. तिला त्याची फिकीर नव्हती. आणि बाबांनी एकदाही विचारलं नाही की आजकाल तू एवढी कटकट का करतेस.

तेव्हा कुटुंबाचं सदस्यत्व मिळालं नाही, तर बाबांचा गोल्फ संपत होता. सुनेला ते ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं, आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द न काढता मॅनेजरबाईंच्या तोंडाकडे बघत बसले होते.

"नियम मी केलेले नाहीत," मॅनेजरबाई शेवटी म्हणाल्या. "कुटुंब म्हणजे नवरा-बायको, त्यांची मुलं, त्यांचे आईवडील. तुमचं ऐकायचंच असेल तर क्लबच्या कॅप्टनबाईंनी ऐकायला हवं. पद्धत माहितीये ना?"

पद्धत क्लबात सगळ्यांना माहिती होती. सदस्यत्वावरून वाद झाला की तो टेबलावर सोडवायचा नाही. कॅप्टनबरोबर नऊ होल खेळायचे. कॅप्टनने चालता चालता काय ते ठरवायचं आणि परत आल्यावर त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. ही पद्धत कुणी पाडली ते कुणालाच आठवत नव्हतं, पण तिच्यामुळे निम्मे वाद तिसऱ्या होलपर्यंत विरघळून जात. उन्हात चालताना माणूस किती वेळ ताठ राहणार?

"चालेल," बाबा म्हणाले, आणि सुनेने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

कॅप्टनबाई पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला चेंडू मारायचा तिथे, उभ्याच होत्या. बुटक्या, उन्हाने रापलेल्या, डोक्यावर जुनाट टोपी. जनावरांच्या डॉक्टर होत्या त्या, आता निवृत्त झालेल्या. जन्मभर तोंडाने काही न सांगणारे पेशंट तपासलेली बाई. कुठे दुखतंय ते चालण्यावरून ओळखायची सवय. त्यांनी नमस्कार केला, पहिला चेंडू मारला आणि पुढे काही बोलल्याच नाहीत. बाबांना असली शांतता सोसत नसे. त्यांनी हवेबद्दल दोन वाक्यं टाकली. बाईंनी भीक घातली नाही.

पहिले दोन होल सुनेने दबक्या आवाजात काढले. कॅप्टनसमोर सासऱ्यांवर कसं खेकसायचं? पण बाबांनी चेंडू उजवीकडच्या झाडांत घातला आणि आत्मविश्वासाने डावीकडे चालू लागले, तेव्हा तिचा इलाजच खुंटला.

"बाबा, कुठे निघालात? तिकडे झाडांत घालून ठेवलात तो कोण काढणार, मी?"

"माहितीये मला," बाबा म्हणाले आणि न थांबता वळले. "मी जरा वारा बघत होतो."

"वारा काय फक्त डावीकडेच वाहतो?"

"तू तुझा चेंडू बघ."

चौथ्या होलपर्यंत दोघंही कॅप्टनबाईंना विसरले. बाबा टीवर उभे राहिले की ती ओरडायची, "ते काय उभं राहणं झालं? होलचा झेंडा काय त्या टाकीत आहे का?" बाबा पुटपुटत, पाय सरकवत वळायचे. ती गप्प झाली म्हणजे दिशा बरोबर झाली. मग बाबा मारायचे. फार सुरेख मारायचे हो, ते मात्र म्हणायला हवं. हातात घाई नाही, अंगात ताठा नाही. सुनेचं उलटं. तिला सगळं दिसायचं आणि म्हणूनच ती घाई करायची.

"पळून चाललाय का तो चेंडू?" बाबा आता तिला रागवत. "श्वास घे. मग मार."

ती श्वास घ्यायची आणि चेंडू शहाण्यासारखा सरळ जायचा. सातव्या होलवर तिने लांबून एका फटक्यात चेंडू होलमध्ये घातला. बाबांना त्याचा आवाज तेवढा आला, आणि त्यांनी टोपी काढून अशी हवेत फिरवली की जणू त्यांनीच घातला. कॅप्टनबाई स्टिकवर हनुवटी टेकवून दोघांकडे बघत होत्या. बघत होत्या म्हणजे सुनेकडे, मग बाबांच्या मानेकडे, मग पुन्हा सुनेकडे.

नववा होल आखूड होता. मध्ये तळं, तळ्यापलीकडे हिरवळ, हिरवळीवर झेंडा. एक फटका नीट बसला तर चेंडू पलीकडे, नाहीतर पाण्यात. सुनेने बाबांना रागवून रागवून झेंड्याच्या रेषेत उभं केलं, तेवढ्यात कॅप्टनबाईंनी तिला बोटाने बाजूला बोलावलं.

"तुम्ही चांगलं खेळता," बाई म्हणाल्या. पूर्ण वाक्य असं हे पहिलंच. "एकट्याचं घ्या. स्पर्धांना उभ्या राहाल. यांना सकाळच्या म्हाताऱ्यांत सोडून द्या, रमतील. घटस्फोट झालाय ना तुमचा?"

"झालाय. यांच्या मुलाशी."

"मग?"

"यांच्याशी नाही झाला." सुनेचा आवाज तिच्या नकळत चढला. "घर कुणाचं, गाडी कुणाची, कपाट कुणाचं, सगळ्याच्या वाटण्या झाल्या. बाबा कुणाकडे, हे कुणी काढलंच नाही. मुलगा गेला निघून. उरले ते उरले, असं सगळ्यांनी धरलं. माझ्याकडे उरले नाहीयेत ते, बाई. मला हवेत. संध्याकाळी दमून जिना चढते आणि आतून 'आलीस का गं' असं येतं ना, तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटतं. स्पर्धा नकोत मला. मला शनिवारी यांच्याबरोबर चालायचंय."

बाई तिच्याकडे बघत होत्या, ती बाईंकडे बघत होती. तळ्यावरून वारा त्यांच्याकडून बाबांकडे वाहत होता, आणि बाबांच्या कानांना काही झालेलं नव्हतं.

त्याच वेळी टीवरून फटक्याचा आवाज आला.

दोघी दचकून वळल्या. बाबा फटका पुरा करून तसेच उभे होते, स्टिक खांद्यावर, तोंड झेंड्याकडे. चेंडू आकाशात नव्हता, पाण्यावर नव्हता, कुठेच नव्हता. बाबा थांबले. मागून नेहमीची कटकट यायला हवी होती. ती येईना. सुनेने चेंडू पाहिलाच नव्हता.

बाबांनी स्टिक खाली घेतली. कॅप्टनबाई शेजारी उभ्या आहेत हे त्यांना चांगलं माहिती होतं. विचारलं की संपलं, हेही माहिती होतं. पण आत्ताच जे कानांवर पडलं होतं, त्यानंतर सोंग वठवत बसायची त्यांना लाज वाटली. छाती भरून आली होती आणि त्यात भीतीला जागा उरली नव्हती.

"कुठे गेला गं?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "मला दिसत नाही."



"मी नाही पाहिला, बाबा," सून म्हणाली. रडू येत होतं तिला. "मी बोलत होते. माझं लक्षच नव्हतं."

"कॅप्टनबाई, तुम्ही?"

"मी हिच्याकडे बघत होते," कॅप्टनबाई म्हणाल्या.

तिघं माणसं, आणि एकानेही चेंडू पाहिला नाही. बाबा हसले. खांदे हलेपर्यंत हसले.

"मग मीच सांगतो. सरळ गेलाय. पाण्यात पडला असता तर आवाज आला असता. आणि असा बसला की हाताला काही कळलंच नाही. चला."

आणि ते निघाले. एरवी दोन पावलांत सून पुढे आणि ते तिच्या पाठीवरच्या पिशवीच्या रंगामागे. आज ते पुढे. तळ्याच्या काठाकाठाने, मान तिरकी करून, पायाखालची वाट कडेकडेने बघत. सून मागे धावली, मग थांबली आणि त्यांच्या पावलाने चालू लागली. झुडपात बघावं, वाळूत बघावं असं तिला वाटत होतं, पण बाबा वळायला तयार नव्हते. हिरवळीवर चढले, झेंड्याच्या रोखाने चालत राहिले.

"बाबा, थांबा," सून एकदम म्हणाली. "पाय द्याल."

चेंडू त्यांच्या बुटाच्या टोकाशी होता. तिथून झेंडा एवढा जवळ, की लहान मुलानेही चेंडू होलमध्ये ढकलला असता. बाबांनी तो ढकलला. आत पडल्याचा आवाज आला आणि त्यांनी वाकून, चाचपून, चेंडू बाहेर काढला. सुनेने त्यांचा दंड धरला तो सोडलाच नाही.

कॅप्टनबाई सावकाश चालत आल्या.

"किती दिसतं?"

"कडेचं दिसतं. मधलं नाही."

"वर्ष झालं असेल ना याला?"

"होऊन गेलं."

"वर्षभरात तुमचा चेंडू कुणाला लागल्याची तक्रार माझ्याकडे नाही."

"ही असते ना बरोबर."

"हं," कॅप्टनबाई म्हणाल्या, आणि क्लबहाउसच्या दिशेने चालू पडल्या.

ऑफिसात त्या बसल्यासुद्धा नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "यांना कुटुंबाचं द्या. हिच्या नावावर. यांनी हिच्याशिवाय मैदानावर पाऊल टाकायचं नाही, आणि ही असेल तेव्हा यांना कुणी अडवायचं नाही." एवढं बोलून त्या निघून गेल्या. बहुधा चहा प्यायला.

मॅनेजरबाईंनी पेन उचललं. मुख्य सदस्य म्हणून सुनेचं नाव लिहिलं. सुनेचा जीव भांड्यात पडला, पण लगेच तिने वळून बाबांकडे पाहिलं. सकाळी ते आले होते ते घरातला कर्ता माणूस म्हणून. मी आणि माझी सून, असं म्हणून तिला आपल्या पंखाखाली घ्यायला निघालेला माणूस, आणि आता तेच तिच्या नावाखाली चालले होते. त्यांना हे लागलं असेल, असं तिला वाटलं.

"बाबा, ते नुसतं कागदावर आहे," ती म्हणाली.

 बाबा टोपी मांडीवर ठेवून तिच्या कडेवरून बोट फिरवत बसले.

"आणि साहेब, तुमचं काय लिहू?" मॅनेजरबाईंची पुन्हा पंचाईत झाली. "सासरे लिहिता येत नाही, ते आता राहिलं नाही. वडील म्हणावं तर तसं नाही. तुम्ही यांचे नक्की कोण?"

सून उत्तर शोधू लागली. बाबांनी टोपी डोक्यावर चढवली, नीट बसवली.

"तुम्हाला हवं ते लिहा," ते म्हणाले. "मी हिच्याकडे असतो."

दारात ट्रॉल्या घेऊन माणसं अजून खोळंबली होती. बाहेर पडताना बाबांनी त्यांच्यातल्या तिघांना, कुणी काही विचारलं नसताना, हेच पुन्हा सांगितलं.